पायपेटी शाळेला दिली नव्हती

बाबा,

तुमची पायपेटी मी शाळेला दिलेली नाही. आई जाईपर्यंत तसंच समजत होती, आणि दशावतारात तुमच्या शेजारी बसून मृदंग वाजवणारे काका आजही तसंच समजतात. ती मी विकायला काढली होती. इंटरनेटवर.

तुम्ही गेल्यावर आठ वर्षं ती माजघरात झाकून ठेवलेली होती. आई दर सोमवारी तिच्यावरचं कापड झटकायची. मी तेव्हा कणकवलीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. अनोळखी माणसाच्या मेलवर विश्वास ठेवू नका, असं पोरांना मीच सांगायचे. जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर मी पेटीचे चार फोटो टाकले, ते आई आरोंद्याला मावशीकडे गेली होती तेव्हा. तिला विचारलं नाही. मला लॅपटॉप घ्यायचा होता, एवढंच कारण होतं.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. भाषा अशी स्वच्छ की मी खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांना जुन्या वाद्यांचा शौक होता म्हणे. भाता फाटलाय का, सूर किती, सगळं विचारलं, आणि मी सांगितलेल्या अठरा हजारांत एक रुपया कमी केला नाही. शुक्रवारी त्यांनी माझ्या खात्यात चेक भरल्याची पावती मेलवर पाठवली, बँकेचा शिक्का मारलेली. टेम्पो उद्याच नांदगावला येतोय, पेटी हायवेवर आणून द्या, म्हणाले.

मी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी पावती नीट पाहिली. "मॅडम, ही चेक भरल्याची पावती आहे, पैसे आल्याची नाही. चेक वटेपर्यंत वस्तू सोडू नका. घाई असेल तर त्यांना रोख घेऊन यायला सांगा, इथे काउंटरवरच मोजून भरा. डीडी आणला तरी आधी आम्हाला दाखवा." याहून स्पष्ट कोण सांगणार? बाहेर येऊन मी फोन लावला. "सर, चेक वटला की लगेच..." एवढंच म्हणाले असेन. ते हसले. "तुमचा विश्वास नसेल तर राहू दे, मॅडम. कोकणातली माणसं सरळ असतात असं ऐकून होतो." आणि मी, बाबा, घाईघाईने म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही हो."

तुम्ही असं म्हणाला नसता. मी नववीत असताना आपण काजूबियांची पोती घेऊन बाजारात गेलो होतो, तो दिवस मला दिसतो. वजन झाल्यावर व्यापारी म्हणतो, पैसे उद्या ने. तुम्ही काट्यावरचं पोतं परत खांद्यावर घेता. "मगे काजी पण उद्याच घे." समोर माझ्या वर्गातल्या दोन मुली उभ्या आहेत. मी तुमचा सदरा ओढते, बाबा, लोक बघतायत. "बघतत तर बघांदेत," तुम्ही म्हणता, आवाज न चढवता. "मागूक लाजलंस तर घराक काय नेतलंस?" मला तेव्हा तुमची लाज वाटली होती. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही.

शनिवारी दुपारी मी रिक्षातून पेटी नांदगावला नेली. टेम्पोवाल्याने ती गोणपाटात गुंडाळून चढवली. पुढच्या आठवड्यात चेक परत आला, खात्यात पैसे नाहीत म्हणून. फोन बंद. पोलीस ठाण्यात गेले तर हवालदारांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "वस्तू कोणाची? घरच्यांना माहीत आहे ना?" मी उद्या येते म्हणून उठले, ती परत गेलेच नाही.

आई आली, तिने पिशवी ठेवली आणि माजघरात पाहिलं. "पेटी खंय आसा गो?"

"शाळेला दिली. कोल्हापूरकडे. पोरांना शिकवायला."

ती खाली बसली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "बरां केलंस. हय नुसती धूळ खाय होती. तेंका बरां वाटतला." मग तिने हे वाडीभर सांगितलं. मृदंगवाले काका नारळ घेऊन आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळा कुठली, एकदा जाऊन पोरांचं वाजवणं ऐकायचंय, म्हणाले. शाळा खूप लांब आहे, असं मी म्हटलं. पुढच्या वर्षी आई गेली. काका दर वर्षी आंगणेवाडीच्या जत्रेत भेटतात आणि शाळेचं विचारतात. पोरं चांगली शिकतायत, असं मी सांगते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? काकांचं घर मात्र दोन वाड्या सोडून आहे, तिथे चालत जाता येतं, आणि मी जात नाही. पुण्याच्या माणसाने मला फसवलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण शाळेची गोष्ट चेक परत आल्यावर सुचलेली नव्हती, बाबा. साइटवर फोटो टाकले त्याच दुपारी मी ती ठरवून ठेवली होती. पैसे आले असते, तरी आईला मी शाळेचंच सांगणार होते.