ताईच्या लग्नाचं रीळ

॥ श्री ॥

मांजलपूर, बडोदे
दि. १८ ऑगस्ट १९९७

ती. सौ. निरुपमाताईस,
सा. न. वि. वि.

राखी वेळेवर पोचली. नीलनं बापाच्या मनगटाला बांधली आणि ओवाळणी स्वतःच खिशात घातली. तू फोन कर म्हणतेस, पण ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, यातच आपलं अर्धं बोलणं संपतं. म्हणून पत्रच बरं.

माझी एक पंचाईत झाली आहे. आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी केयूरभाई यांनी सगळ्यांना छापील फॉर्म वाटलेत. तुम्हाला काय टिपायला आवडतं, माणसं की निसर्ग? आणि का? ‘का’साठी दहा ओळी सोडल्यात. दिवाळीआधी प्रदर्शन आहे, तेव्हा प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचं उत्तर लावणार आहेत. पहिल्या प्रश्नाला मी पटकन निसर्ग लिहिलं. दुसऱ्यापाशी आठवडाभर अडून बसलोय.

मंडळात तर दोन तटच पडलेत. माणूसवाले म्हणतात की डोंगराला डोळे नसतात, त्याच्याकडे काय बघायचं. निसर्गवाले म्हणतात की झाडाची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि झाड प्रिंट बघून मी अशी जाडी दिसते का, असंही विचारत नाही. पूर्णिमा म्हणते की बायकोशी बोलायला लागू नये म्हणून तुम्ही तळी आणि टेकड्या हुडकता. नील म्हणतो की बाबा, तुम्ही लाजता. सगळ्यांचं ऐकलं की सगळंच खरं वाटतं आणि लिहायला बसलं की एकही खरं वाटत नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस. तूच सांग, मी माणसांचे फोटो का काढत नाही?

तिकडे गणपतरावांना नमस्कार. उत्तर लवकर धाडलंस तर माया आहे असं समजेन.

तुझा,
वसंत

---

सातारा
दि. २७ ऑगस्ट १९९७

चि. वसंतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा झालास आणि मी असा का, हे बहिणीला विचारतोस! पावागड किती बाजूंनी दिसतो हे पावागडच्या पुजाऱ्याला ठाऊक नसेल, तेवढं तुझ्यामुळे मला ठाऊक आहे. मागे पाठवलेल्या एका फोटोत पूर्णिमा उभी आहे असं तू लिहिलं होतंस. मी भिंग घेऊन बसले. निघाली बाभूळ.

पण कारण तुला माहीत नाही असं कसं म्हणतोस? माझं लग्न आठव. तू एकोणीस वर्षांचा, गळ्यात नंदूकाकांचा जर्मन कॅमेरा. घरचाच फोटोग्राफर आहे म्हणून आबांनी बाहेरचा माणूस बोलावला नाही. आणि दांडिया बाजारातल्या त्या पिलाजीरावांनी रीळ धुताना घाण केली. छत्तीसच्या छत्तीस फोटो गेले. दुधानं तोंड पोळलं म्हणून तू ताकही फुंकून पितोस, झालं. हेच लिहून दे.

आता माझं ऐक. आबांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. कचेरीच्या ग्रुप फोटोतसुद्धा शिपायाच्या पागोट्यामागे दडून राहिले. माझं कन्यादान झाल्यावर मात्र स्वतः खुर्ची ओढली, पगडी सारखी केली आणि हसत तुझ्यासमोर बसले. तेवढा एकच, आणि तोही गेला. त्यानंतर पाच महिन्यांत ते गेले. तू श्राद्धाला पाटावर फोटोऐवजी पगडी ठेवतोस, ते बघवत नाही रे.

कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. मला आबांचा चेहरा आठवेनासा झालाय. आवाज आठवतो, तपकिरीची डबी आठवते, पगडी आठवते. पगडीखाली चेहरा हवा, तिथं काहीच दिसत नाही. पोटची मुलगी मी, आणि मला बापाचा चेहरा आठवू नये?

पिलाजीरावांच्या मुलानं त्याच जागी रंगीत फोटोंची लॅब काढली आहे म्हणे. ते बिघडलेलं रीळ एखाद्या जुन्या डब्यात पडलं असेल. हल्ली बिघडलेल्यातूनही काहीबाही काढता येतं. जा आणि शोध. आबांच्या तिथीच्या आत कळव.

पूर्णिमाला आणि नीलला आशीर्वाद. डोंगरांवरची थोडी माया माझ्याकडे वळव.

तुझी,
ताई

---

मांजलपूर, बडोदे
दि. ९ सप्टेंबर १९९७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून तीनदा स्कूटर काढली आणि तीनदा सुरसागर तळ्याला वळसा घालून घरी आलो. दांडिया बाजारात पाऊल घालवेना. शोधण्यासारखं तिथं काही नाही, ताई. पिलाजीरावांनी रीळ बिघडवलंच नव्हतं. ते कोरं होतं.

तुला समजेल असं सांगतो. कॅमेऱ्यात रीळ भरताना फिल्मचं टोक पलीकडच्या दांडीत अडकवावं लागतं. ते सुटलं तर तुम्ही खटके मारत राहता, आकडा एक-दोन-तीन पुढे जात राहतो, आणि फिल्म मात्र जागची हलत नाही. ती हलतेय की नाही हे कळावं म्हणून कॅमेऱ्याच्या डोक्यावर डाव्या अंगाला एक चकती असते. दर फोटोनंतर ती फिरायला हवी. मी एकदाही तिच्याकडे बघितलं नाही. मी माणसं बघत होतो. तू रडत होतीस, आबा हसत होते, चकती कोण बघतो?

पिलाजीरावांनी ती पट्टी उजेडात धरून दाखवली. काचेसारखी स्वच्छ. रागावले नाहीत, घरी जाऊन खरं सांग म्हणाले. मी घरी आलो. आबा दारातच उभे होते, कसे आलेत विचारत. माझ्या तोंडातून निघून गेलं की पिलाजीरावांनी घाण केली. आबा तसेच चपला घालून दुकानात गेले आणि चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलले. पिलाजीरावांनी सगळं ऐकून घेतलं, माझं नाव काढलं नाही. पुढे रस्त्यात भेटले की ते आबांना नमस्कार करायचे आणि आबा मान वळवायचे. शेवटपर्यंत. ते मी किती तरी वेळा बघितलंय.

डोंगराचं बरं असतं. चुकलं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येतं. हे केयूरभाईंच्या दहा ओळींत कसं घालू ते मला कळत नाही, आणि तुला कोणत्या तोंडानं क्षमा मागू तेही कळत नाही.

लोभ राहिला असेल तर दोन ओळी लिही.

वसंत

---

सातारा
दि. २४ सप्टेंबर १९९७

चि. वसंतास,
आशीर्वाद. वि. वि.

दोन दिवस तुझ्यावर इतकी संतापले की ह्यांनी भाजीला मीठ नाही हेसुद्धा सांगायचं धाडस केलं नाही. तिसऱ्या दिवशी राग ओसरला, कारण मग माझी मलाच भीती वाटायला लागली.

लग्नाच्या सकाळी तुझा कॅमेरा माजघरातल्या कोनाड्यात होता. तू मुलखाचा वेंधळा, परीक्षेला पेन विसरून गेलेला. मला धास्ती की यानं रीळ घातलंय की नाही. कोणी नाहीसं बघून मी हळदीच्या हातानंच मागचं झाकण उघडलं. आत पट्टी दिसली, जिवात जीव आला, आणि झाकण दाबून टाकलं. नंतर कोणीतरी सहज म्हणालं की उजेड लागला तर रीळ फुकट जातं. घरात सगळे पिलाजीरावांच्या नावानं बोटं मोडत होते, आणि मी नवी नवरी मान खाली घालून गप्प. पुढे सासरी निघून आले. एकोणतीस वर्षं मी असं समजून जगते आहे की आबांचा फोटो माझ्या हातानं गेला. तुला शोधायला पाठवत होते ना, तेही म्हणूनच. थोडं काही सापडलं असतं तर माझं पाप तेवढं हलकं झालं असतं.

आता तू म्हणतोस की ते कोरं होतं. मग ते माझ्यामुळे की तुझ्यामुळे? विचार करकरून डोक्याचा भुगा झालाय. आपल्या दोघांत चोर कोण, हे त्या पिलाजीरावांनाच विचार. असतील ना रे ते अजून?

आज आबांची तिथी. पत्र पोचेल तेव्हा पगडीला माझाही नमस्कार घडव. तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही, नुसता गोंधळला आहे.

ताई

---

मांजलपूर, बडोदे
दि. १ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं, तो हळदीचा डाग! कॅमेरा परत दिला तेव्हा नंदूकाकांनी त्या पिवळ्या डागावरून माझी खरडपट्टी काढली होती, आणि मला वाटलं, लाडवाचं बोट लागलं असेल.

उजेड लागला तर फिल्म धुतल्यावर काळीठिक्कर होते. आपली कोरी होती. म्हणजे तू सुटलीस, असं लिहायला घेतलं आणि थांबलो. झाकण उघडताना तुझ्या बोटानं ते टोक निसटलं असलं तर? मग मी बरोबर भरलं होतं. पण मी बरोबर भरलं नसलं, तर तू उघडण्याआधीच ते सुटलेलं होतं. आणि काही झालं तरी चकती मी बघायला हवी होती. पूर्णिमाला विचारलं, तर ती म्हणाली की तुम्ही दोघं भावंडं शोभता खरी.

शेवटी गेलो. पिलाजीराव आहेत, एक्क्याऐंशी वर्षांचे. मुलाच्या लॅबमध्ये दाराशी खुर्ची टाकून बसतात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं की काय रे, चकती बघतोस ना आता? मी तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं, तुझ्या हळदीसकट. ते म्हणाले की कोणाचं किती चुकलं हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, तेव्हा अर्धं अर्धं वाटून घ्या. त्यांच्या मनाला एवढंच लागून राहिलंय की आपल्या आबांसारखा, त्यांच्या बळवंतरावांसारखा, माणूस मान वळवून गेला.

ताई, दसऱ्याला ये. आपण दोघं त्यांना सोनं द्यायला जाऊ. एकट्यानं क्षमा मागायला मला जमणार नाही.

येशीलच, एवढा लोभ गृहीत धरतो.

वसंत

---

मांजलपूर, बडोदे
दि. १९ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. तू गेल्यापासून पूर्णिमाला माझी उणीदुणी काढायला जोडीदार नाही.

दसऱ्याचं सगळं तू बघितलंसच. आपण पिलाजीरावांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, वाकलो आणि क्षमा मागायला तोंड उघडलं. त्यांनीच विषय बदलला आणि बहिणीचा एक फोटो काढ म्हणाले. एकोणतीस वर्षांनी माझ्यासमोर माणूस बसला, तोही तूच. नील त्याचा नवा कॅमेरा देत होता. त्यात रीळ आपोआप ओढलं जातं, चुकायची सोयच नाही. पण मी मुद्दाम नंदूकाकांचाच आणला होता.

छत्तीस फोटो काढले. दर खटक्याला चकती बघितली, आणि चकती छत्तीस वेळा फिरली. फोटो मात्र पस्तीस फुकट गेले. कुठं तुझं अर्धं डोकं, कुठं नुसती पायरी, कारण माझे डोळे चकतीवर. तिसाच्या पुढं कधीतरी तू खेकसलीस की मेल्या, तिकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ. मी दचकून बघितलं आणि बोट दाबलं गेलं. तेवढा एक आला.

काल प्रिंट यंत्रातून निघाली तेव्हा मी लॅबमध्येच होतो. मुलानं ती आधी म्हाताऱ्याच्या हातात दिली. पिलाजीरावांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि काठी न घेता खुर्चीतून उभे राहिले. फोटोला दोन्ही हात जोडले. म्हणाले की बळवंतराव, अजून राग गेला नाही का?

मग मी नीट पाहिलं. ते कपाळ, भुवयांमधली ती उभी आठी, बोलताना एका बाजूला जाणारा ओठ. तू हसतेस तेव्हा आईसारखी दिसतेस, म्हणून आजवर कोणाच्या ध्यानात आलं नाही. रागावल्यावर तू आबा आहेस, ताई. मला उभ्यानं रडू आलं.

हाच फोटो प्रदर्शनात दिला. फॉर्मवर निसर्ग खोडून माणसं लिहिलं, आणि कारण म्हणून एवढंच, की डोंगर थांबतात म्हणून इतकी वर्षं डोंगर काढले. केयूरभाई विचारतात की हे मत नेमकं कोणत्या बाजूचं.

सोबत प्रिंट आहे. फोटोतल्यासारखीच रागावत जा, म्हणजे लोभ आहे असं मला कळेल.

वसंत

---

सातारा
दि. २६ ऑक्टोबर १९९७

चि. वसंतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट फोडलं आणि आधी किंचाळलेच. तोंड उघडं, पदर खांद्यावर नाही, आणि हा अवतार तू बडोदेभर टांगलास! ह्यांना दाखवला तर म्हणाले की हुबेहूब आहे.

मग दार लावून घेतलं आणि फोटो आरशाशेजारी धरून तसंच रागावून बघितलं. आले रे आबा. पगडीखाली चेहरा आला. मी मांडवातला हसरा चेहरा मागत होते, तो काही मिळाला नाही. हा पाढे चुकल्यावरचा, डोळे मोठे केलेला, माझा रोजचा आबांचा चेहरा. किती वेळ रडले ते सांगत नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मोतीबिंदू पिकलाय म्हटलं.

पुढच्या तिथीला हा फोटो पाटावर मांडशील तर याद राख. मी जिवंत आहे अजून.

आणि पिलाजीरावांकडे जाऊन माझा निरोप सांग. म्हणावं, राग असेल नसेल, पण फोटो नीट बघा. बळवंतरावांनी मान वळवलेली नाही. सरळ तुमच्याकडेच बघतायत.

पूर्णिमाचाही एक फोटो काढ, या खेपेला बाभूळ नको. माझा लोभ होता तिथंच आहे.

तुझी,
ताई