चौथा ठोका

प्रिय रूलोफ,

'प्रिय' लिहिलंय खरं, पण लिहिताना दातओठ किती खाल्लेत ते तुला दिसायला हवं होतं. म्हणशील, फोन का नाही केलास? अरे, फोनवर तू मला बोलू कुठे देतोस! माझं वाक्य अर्ध्यावर असतं तोवर तू ते स्वतःच पुरं करतोस आणि वर त्याला उत्तरही देऊन मोकळा होतोस. मागच्या आठवड्यात मी "बाबांना तिथे" एवढंच म्हटलं, तर लगेच तुझं सुरू, "सुरक्षित वाटेल, मीही तेच म्हणतोय!" मला म्हणायचं होतं की बाबांना तिथे ठेवलंस तर मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही. कागदावर तरी तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. तेव्हा कॉफी ओतून घे, खाली बस आणि शेवटपर्यंत वाच.

येत्या गुरुवारी बाबांच्या वृद्धाश्रमात ती बैठक आहे. त्यांना वरच्या मजल्यावर, आकडे दाबल्याशिवाय न उघडणाऱ्या दाराआड हलवायचं की नाही, हे तिथे ठरणार. सही लागणार तुझी, कारण बाबांच्या वतीनं सही करायचा हक्क आपण तुझ्याकडे दिला. मीच म्हटलं होतं, रूलोफला द्या, घरं विकून विकून बोलण्यात तरबेज झालाय तो. घेतला धोंडा पायावर पाडून! आणि हलवायचं कशासाठी, तर म्हातारा टेबलावर हात आपटतो. "आक्रमक झालेत ते," असं तिथल्या मुख्य बाई मला म्हणाल्या. आक्रमक! ज्या माणसानं सगळी हयात वर्गात काढली आणि पट्टी फक्त रेघा मारायला वापरली, तो आक्रमक! मी विचारलं, हा शोध कुणी लावला? तर म्हणाल्या, "तुमच्या भावानंच फोन केला होता, त्यांच्याकडे वाढदिवसाला काय झालं ते सांगायला." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

वाढदिवसाला काय झालं म्हणे! मीही त्याच गोलात बसले होते, रूलोफ. तुझ्या लेकीचा, सिल्केचा वाढदिवस. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर बशी, बशीत केकचा एक तुकडा, आणि आल्यागेल्या प्रत्येकानं प्रत्येकाचा हात हलवून अभिनंदन केलेलं. बाबांनीसुद्धा डाव्या हातानं केलं, तुझ्या सासूनं, मिर्टेच्या आईनं, तो कसाबसा बोटांच्या टोकांनी धरला तेही मी पाहिलं. बाबा खिडकीशी बसले होते. बाहेर तुमच्या त्या पाखरांच्या दाणापेटीला चिमण्या लटकल्या होत्या, सूर्यफुलाच्या बिया टिपत होत्या. बाबांचा चेहरा कसा उजळला! त्यांनी हनुवटीनं खिडकीकडे खूण केली आणि सुरुवात केली, "झोन..." झालं. झोन म्हणजे ऊन, एवढ्यावर तू उडी मारलीस. "ऊन लागतंय बाबांना. मिर्टे, पडदा ओढ गं." आणि मिर्टेनं बिचारीनं पडदा ओढला. खिडकी गेली, चिमण्या गेल्या. बाबा त्या पडद्याकडे बघतच राहिले.

मग त्यांनी टेबलावर हात मारला. एक, दोन, तीन. बशी कलंडली, मलई मिर्टेच्या आईच्या घागऱ्यावर, आणि तू पांढराफटक पडून उठलास. "पुरे! पुरे म्हणतो ना!" शेजाऱ्याच्या कुत्र्यावरसुद्धा कुणी असं ओरडत नाही. सूप वाढायच्या आत तू त्यांना गाडीत घालून पोचवूनही आलास. मागे उरलेले आम्ही सगळे आपापल्या चीजच्या तुकड्यांकडे बघत बसलो, आपल्याकडे बसतात तसे, कुणी ब्र काढला नाही. मीही नाही काढला, त्याचा राग आता मला तुझ्यावर काढावा लागतोय.

एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांची जीभ अडते आणि उजवा हात मांडीवर पडून असतो, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. मग ज्याला टाळी वाजवायची आहे आणि हात एकच आहे, त्यानं काय करावं? टेबलावरच मारणार ना तो! ती आदळआपट नव्हती रे. टाळी होती. जगातल्या कुणालाही ती ओळखता आली नसती तर मी समजू शकले असते. पण तुला?

विसरलास शाळेचं पटांगण? बाबांची ती आगगाडी? "आपली माणसं शब्दाला शब्द जोडत सुटतात, पोरांनो, गाडीला डबे जोडावेत तसे. घाबरायचं नाही. जोड कुठे आहे तो शोधायचा आणि तिथेच तोडायचं, डब्याच्या मधोमध कुऱ्हाड घालायची नाही." मग ते आपल्याला ओळीनं उभं करायचे, एकेका पोराला एकेक तुकडा, आणि टाळीच्या ठेक्यावर प्रत्येकानं आपला तुकडा मोठ्यानं म्हणायचा. त्यांचा सगळ्यात लाडका शब्द झोनेब्लूमपिट. शाळेच्या कुंपणाशी त्यांची सूर्यफुलं असायची, त्या सूर्यफुलाची बी. झोन, ने, ब्लूम, पिट. चार टाळ्या, चार पोरं. आणि दरवेळी तेच सांगणं: "आपल्या गाडीचं इंजिन शेवटी असतं. आधी वाटतं ऊन, मग वाटतं फूल, आणि हातात येते बी. म्हणून समोरचा बोलत असला की इंजिन येईपर्यंत थांबायचं. मध्येच गाडीतून उडी मारणारा पडतो." तू पहिल्या डब्यातूनच उडी मारलीस, आणि पडले मात्र बाबा.

तुझ्या फोननंतर त्यांना शांत ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवसभर हनुवटी छातीवर टेकलेली, कोटावर लाळ. मी भांडभांड भांडले. मुख्य बाई काही वाईट नाहीत, पण दमलेल्या. म्हणाल्या, "बाई, ते एक शब्द बोलेपर्यंत माझ्या हाताखालच्या मुलींना तीन जणांना जेवण भरवायचं असतं. थांबायला आमच्याकडे माणसं नाहीत." शेवटी गुरुवारपर्यंत गोळ्या निम्म्यावर आणायला कबूल झाल्या. "पुढचं तुमचा भाऊ म्हणेल तसं." सगळी दुनिया माझा भाऊ काय म्हणेल यावर अडलेली!

आता रविवारचं ऐक. गोळ्या कमी झाल्यामुळे बाबा जरा जागे होते. दुपारी मी त्यांना जेवणाच्या दालनात घेऊन बसले. पलीकडच्या टेबलावर बेरेन्डिना होती, आठवते ना, पाववाल्याची? तुझ्याहून तीनच वर्षांनी मोठी, पण एवढ्यातच सगळं विसरून बसलीय. स्वतःच्या लेकीला 'अहो बाई' म्हणते. जेवण आलं, त्यात पाव होता, वर सूर्यफुलाच्या बिया लावलेला. बाबांनी एक बी बोटानं वेगळी काढली, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावर ठोका दिला. लगेच एक मुलगी धावत यायला लागली. तेवढ्यात पलीकडून बेरेन्डिना ताठ बसली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "झोन!" धावत येणारी मुलगी जागच्या जागी उभी राहिली. बाबांनी दुसरा ठोका दिला आणि स्वतः म्हणाले, "ने." कुठेही न अडता! तिसऱ्याला बेरेन्डिना म्हणाली, "ब्लूम."  

आणि मग दोघंही थांबले. चौथा ठोका पडेना. मला राहवेना, मी तोंड उघडलं, तर बाबांनी डावा हात वर केला, वर्गात करायचे अगदी तसाच. म्हणजे गप्प. बेरेन्डिना मान वळवून आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. ओळीत तिच्या पलीकडे कोण उभं असायचं? मी लख्ख पाहिलेलं आहे, पटांगणाच्या टोकाला, वाऱ्यात, लाल कान घेऊन, मुठी वळून. शेवटचा तुकडा नेहमी तुझा असायचा.

तुला वाटायचं, तुला मुद्दाम मागे उभं करतात. आईपाशी रडला होतास, "मी तोतरा म्हणून मला शेपटाला लावतात." मूर्खा, तुला ते इंजिन करत होते. तू 'पिट' म्हणेपर्यंत तो शब्दच नव्हता, नुसतं ऊन नि नुसतं फूल होतं. आणि तुझा 'प' कसा अडायचा! प-प-प करत ओठ पांढरे व्हायचे, पोरांच्या टोप्या वाऱ्यानं उडायच्या, घंटा होऊन जायची, पण बाबा हात वर करून उभेच. कुणाची बिशाद होती तुझा तुकडा म्हणायची! आणि घरी? हेंड्रिका आत्या जेवायला आली होती तेव्हाचं आठव. तू मीठ मागत होतास, अडलास, आणि आत्यानं प्रेमानंच शब्द पुरवला. बाबांनी चमचा खाली ठेवला. "हेंड्रिका, तो शब्द त्याचा आहे. परत दे त्याला." आणि मटारचं सूप गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत आम्ही सगळे थांबलो. तू मागितलंस आणि मगच मीठ सरकलं. ज्याच्यासाठी अख्खं घर गार सूप प्यालं, त्याला आता आपल्या बापासाठी पडदा ओढण्याआधी जरा थांबता येत नाही? लाज वाटायला हवी!

मला माहीत आहे तू पांढरा का पडलास. घागऱ्यावरच्या मलईमुळे नाही. त्या ठोक्यांमुळे. तुझ्या सासूसमोर, तुझ्या मुलीसमोर, तुझ्या घराच्या मधोमध ती टाळी वाजली. मिर्टेला तू अजून सांगितलेलं नाहीस, हो ना? तुझी ती धबधब्यासारखी जीभ मुळात कुणी सोडवली, कोणत्या पटांगणावर, ते तिला ठाऊक नाही. तुला वाटलं, बाबा चौथा ठोका देतील आणि सगळ्यांसमोर तुझ्याकडे बघतील. म्हणून तू त्यांना घराबाहेर नेलंस. मी नाही सांगणार तिला, ते तुझं तू बघ. पण स्वतःची लाज झाकायला बापाला कुलुपात घालणार असशील, तर हे मी गावभर सांगेन, आणि तुला माहीत आहे, सायकलवर मी गाव किती लवकर फिरते.

एवढं लिहून माझा राग थोडा उतरायला हवा होता. नाही उतरला. पण हे पत्र रागानं लिहायला घेतलेलं नाही, ते आता सांगते. रविवारी त्या दालनातून परत येताना मी बाबांना म्हटलं, थांबा, आत्ताच फोन लावते तुमच्या चिरंजीवांना आणि चांगली हजामत करते. त्यांनी माझ्या बाहीला धरलं. मग किती वेळ गेला कोण जाणे, कॉफीची गाडी येऊन गेली, मी एकही शब्द पुरवला नाही, नुसती बसून राहिले. शेवटी तुकड्या तुकड्यानं त्यांनी सगळं म्हटलं: "फोन नको. लिही. त्याला वेळ मिळेल." झटका त्यांना आलाय, आणि वेळ ते अजून तुला देताहेत! त्या दिवसापासून रोज जेवताना ते तीन ठोके देतात आणि दाराकडे बघतात. आता मुलीही धावत येत नाहीत, कळलंय त्यांना. तेव्हा गुरुवारी ये. सहीचा कागद जरा बाजूला ठेव, बाबांच्या समोरच्या खुर्चीत बस. अडलास तर अड, कितीही वेळ अड, तिथे कुणी तुझ्या तोंडातला घास काढून घेणार नाही. चौथा ठोका बाबा देणार नाहीत, तो तू द्यायचास. त्यानंतर सही करायला तुझा हात उठलाच, तर खुशाल कर.

अजूनही रागावलेली आणि तरीही तुझीच,
आलैदा