अंबाडा कोणी घातला

आई, परवापासून माझा उजवा खांदा धरलाय. हात कानापर्यंत जातो आणि तिथेच अडतो. सून म्हणाली, आणा, मी विंचरून देते केस. मी तिच्यावर अशी काही खेकसले की बिचारी कंगवा ठेवून आत निघून गेली. नंतर तिची समजूत काढता काढता चहाचं पार पाणी झालं, पण खेकसायला काय झालं होतं ते काही मला सांगता आलं नाही. ते तुलाच सांगण्यासारखं आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भांडायला अजून मला तूच लागतेस.

तू बाजारात बसणारी नव्हतीस, फिरती होतीस. पहाटे उरणच्या बंदरावर जायचं, बाकीच्या बायकांबरोबर टेम्पोत बर्फ-मासळी घालून पनवेलला परत यायचं आणि पाटी डोक्यावर घेऊन नवीन पनवेलच्या इमारतींचे जिने चढायचे. बाकीच्या जणी पाटी चढवायला एकमेकींना हाका मारायच्या. तू ती गुडघ्यावर टेकवून एका हिसक्यात डोक्यावर घ्यायचीस आणि वर माझ्याकडे बघून भुवई उडवायचीस. काय तो तोरा! बाबा बोटीवर खलाशी, आठ-आठ दिवस घरी नसायचे, आणि असले तरी घर चालायचं ते तुझ्या पाटीवर. मग एका सकाळी बंदराकडे निघालेल्या ट्रेलरने तुमच्या टेम्पोला धडक दिली. बाकीच्या बायका खरचटण्यावर सुटल्या. तुझा खांदा मोडला तो जुळला वाकडाच. हात छातीच्या वर जाईना. भाजी चिरता येत होती, मासळी कापता येत होती, पण पाटी डोक्यावर जाणार नव्हती, आणि जी डोक्यावर जात नाही ती पाटी तिसऱ्या मजल्यावरही जात नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण ती तीन वर्षं चढलो, तीही अलिबागची. पनवेलहून एस.टी.ने जायचं, दिवस मोडायचा आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. ट्रेलरच्या विमा कंपनीच्या डॉक्टरने लिहून दिलं होतं की व्यायामाने बाईंचा हात पुष्कळ सुधारला आहे. आपल्या डॉक्टरने लिहिलं होतं, नाही. शेवटी सगळी केस एवढ्यावर येऊन ठेपली की तुझा हात डोक्यावर जातो की नाही. बाजारातली एक म्हातारी आपली जागा सोडणार होती. भरपाई रास्त मिळाली तर ती जागा घ्यायची आणि बसून धंदा करायचा, असं तू मनाशी पक्कं केलं होतंस. म्हातारीला दर महिन्याला जाऊन सांगायचीस, थांब, दुसऱ्या कुणाला देऊ नको.

त्या तीन वर्षांत तुझा अंबाडा रोज मी घालत होते. सकाळी कॉलेजला जायच्या आधी तू उंबऱ्यात बसायचीस, मी मागे उभी. तुझे केस दाट, तेलाने निसरडे, आकडे घालावे तर निसटायचे. माझी बस चुकायची. त्यात त्याच सुमारास मला तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या मुलाचं स्थळ आलं होतं. बघायला आलेल्या त्याच्या आईने चहा पिता पिता सहज विचारलं होतं, आईचं सगळं हीच करते का हो? मग लग्नानंतर कसं? तू हसून विषय बदललास. मला मात्र ते कुसळासारखं टोचत राहिलं.

तुझी साक्ष होती त्या दिवसाचं सांगते. वकिलांनी दहादा बजावलं होतं, मावशी, साध्या कपड्यांत या, विचारतील तेवढंच बोला. पण आपल्या कोळ्यांत बाई बिनफुलांच्या केसांनी घराबाहेर पडते ती मयताला. चार मोठ्या माणसांपुढे जायचं म्हणजे चांगलं लुगडं, गळ्यात हार आणि अंबाड्यावर अबोलीची वेणी हवीच. मी वकिलांच्या सांगण्याची आठवण करून दिली तर म्हणालीस, "भीक मागाया नाय चालली मी. माजं हाय ते मागाया चालली."

बाहेर पुरतं उजाडलंही नव्हतं, पहिली एस.टी. गाठायची होती, माझी परीक्षा आठवड्यावर. आकडे माझ्या दातांत. वेणी एकदा बांधली ती तुला तिरकी वाटली. पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. तुझ्या हातातल्या आरशात तू मान इकडे-तिकडे करून बघत होतीस आणि माझं डोकं फिरलं. आकडे काढून मी म्हणाले, "जन्मभर तुझा अंबाडाच घालत बसू का मी?" आणि पीळ इतका जोरात आवळला की तुझी मान मागे आली. तू आरसा पालथा ठेवलास आणि म्हणालीस, "हलू, बाय."

तू पिंजऱ्यात उभी आहेस. मी मागच्या बाकावर. विमा कंपनीचा वकील सावकाश बोलणारा, तोंडात साखर. आधी तो पाटीचं विचारतो, जिन्यांचं विचारतो, तू चोख उत्तरं देतेस, आपले वकील मान डोलावतात. मग तो कागद खाली ठेवतो आणि तुझ्याकडे नुसताच बघत राहतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, त्याला जे हवं ते तुझ्या डोक्यावरच होतं.

"बाई, वेणी छान आहे. हा अंबाडा कोणी घातला?"

तू माझ्याकडे बघत नाहीस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं. जजसाहेब पेन धरून थांबलेत. तू ताठ होतेस, डावा हात कठड्यावर ठेवतेस आणि म्हणतेस, "मीच घातला."

"दोन्ही हातांनी?"

"मंग काय एका हातान घालतान आंबाडा?"

कोर्टात कुणीतरी हसलं. आपल्या वकिलांनी डोळे मिटले. ते वाक्य जजसाहेबांनी सांगितलं आणि टाइपिस्टने खडखड करत उतरवलं. तुझ्या तीन वर्षांचं त्या एका ओळीत मातेरं झालं.

दुपारी वकिलांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. चिडले होते, पण माणूस चांगला होता. म्हणाले, पुढच्या तारखेला तुला उभी करतो. एवढंच सांगायचं, अंबाडा रोज मी घालते, त्या दिवशीही मीच घातला, आई लाजेने तसं बोलली. जज समजून घेतील, अजून वेळ गेलेली नाही. मी म्हटलं, आईला भर कोर्टात खोटं पाडू? माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा नाही म्हटलं. पुढे कंपनी देईल त्यावर तडजोड झाली. त्यात दवाखान्याचं देणं फिटलं, पण बाजारातली जागा दुसरीला गेली. तू उरलेली वर्षं लोकांच्या ओट्यावर बसून कोलंबी सोलत काढलीस. गल्लीत मात्र माझं नाव झालं. शेजारची काकी येईल-जाईल त्याला सांगायची, पोरीने पैशावर पाणी सोडलं पण आयशीचा शब्द खाली पडू दिला नाही. तूही ते ऐकायचीस आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचीस. माझं लग्न झालं, मी तळोज्याला गेले. पहिल्यांदा माहेरी आले तर तुझे केस मानेवर नुसते दोऱ्याने बांधलेले. मी कंगवा घेतला. तू म्हणालीस, राहू दे, आता असंच बरं वाटतंय.

आई, तू "मीच" का म्हणालीस हे मला तेव्हाच कळलं होतं. सकाळी मी जे बोलले, त्याचं उत्तर तू मला त्या पिंजऱ्यातून दिलंस. माझं मी का नाही बोलले, ते मात्र कुणालाच कळलं नाही. तुझा मान राखायला मी मूग गिळून बसले नव्हते. तू "मीच घातला" म्हणालीस तेव्हा मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. अंबाडा मी घालते असं कोर्टाच्या कागदावर एकदा आलं असतं तर ते तळोज्यापर्यंत गेलं असतं, स्थळ मोडलं असतं, आणि तुझ्या केसांतून माझा हात कधी निघाला नसता. व्हरांड्यात वकिलांसमोर मी हाच हिशेब केला होता, दोन्ही वेळा.

तुला अक्षर येत नव्हतं. आलेलं प्रत्येक पत्र मीच तुला वाचून दाखवायचे. तू असतीस तर हे पत्रही मलाच वाचावं लागलं असतं, आणि मला माहीत आहे, हा शेवटचा भाग मी गाळून वाचला असता.