रेस्पीर, गार्गी

सेम्बावांग, सिंगापूर
ऑगस्ट १९९७

प्रिय गार्गी,

तुझ्या दम्याच्या धास्तीने आई-बाबा नको म्हणताहेत, तर फ्रान्सचं वर्ष सोडून देऊ का, असं विचारलंस. उत्तर शेवटी देतो. मधलं गाळून थेट शेवट वाचायची तुझी खोड आज आवर.

गेल्या सोमवारी आमच्या यार्डात दुरुस्तीला आलेल्या जहाजाच्या टाकीत मी उतरलो. बरेच दिवस बंद राहिलेल्या टाकीत गंज सगळा ऑक्सिजन खाऊन बसतो, म्हणून तोंडावर मास्क आणि पाठीवर हवेचा सिलिंडर. एकट्याने उतरायचं नाही असा नियम, म्हणून सोबत जहाजावरचा फिटर यॉन. रोमानियाचा, आडदांड, माझ्या दीडपट. इंग्रजीतलं 'ओके' तेवढं येतं आणि ते तो सगळ्यालाच म्हणतो. तळाशी पोचल्यावर अंधार आणि अडचण पाहून गडी घाबरला. धाप लागली, गुदमरल्यासारखं झालं आणि तो मास्क ओढून काढायला लागला. हवा होती ती मास्कमध्येच, बाहेर मरण. पण घाबरलेल्या माणसाला नेमकं उलटं वाटतं.

मी त्याची मनगटं धरली, इंग्रजीत ओरडलो. काही उपयोग झाला नाही. आणि एकदम तू आठवलीस, खिडकीचे गज धरून बसलेली. तुला दम लागला की आई 'श्वास घे गं' म्हणत स्वतःच रडायला लागायची आणि तुझी धाप वाढायची. मग फ्रेंच शिकायला लागल्यावर तूच हुकूम काढलास, दादाने फ्रेंचमध्ये सांगायचं. परक्या शब्दाला रडू येत नाही, हे तुझं म्हणणं. मी ठोंब्या, मला तो एकच शब्द आला. तोच आता मी, त्याच्या मास्कला माझा मास्क टेकवून, तुला सांगायचो तसा सावकाश म्हणत राहिलो. रेस्पीर. रेस्पीर. त्याने माझ्याकडे पाहिलं. हातांतला जोर ओसरला, छाती संथ वरखाली होऊ लागली. आम्ही दोघं आपापल्या पायांनी शिडी चढून वर आलो.

वर फोरमन टॅन म्हणाला, "वा, यू नो रोमेनियन आह?" मला रोमानियन कुठलं येतंय. जहाजाच्या इटालियन कॅप्टनने यॉनला विचारून उलगडा केला, त्यांच्यातही हाच शब्द, शेपूट तेवढं वेगळं. आमच्यातही हाच, असंही तो म्हणाला. मग स्पॅनिश कुक पळी घेऊनच आला, शब्द मूळचा आमचा म्हणून भांडायला. या सगळ्या लॅटिनच्या लेकी, असं तू सांगायचीस तेव्हा मी जांभया द्यायचो. त्या दिवशी मात्र मीच ऐटीत भांडण मिटवलं आणि हे सगळं माझ्या बहिणीने शिकवलंय म्हणून सांगितलं. यॉनने उठून मला मिठी मारली, ती खरी तुझी. फासळ्या अजून दुखताहेत.

आता उत्तर. काल बाबांना फोन करून मी हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, जाऊ दे तिला. तुला कळवायचा मान मी मागून घेतला, त्यासाठी हे पत्र. तेव्हा सामान बांध, पंप आणि स्वेटर वरच ठेव. आईचा एकच प्रश्न उरलाय, तिकडे दम लागला तर तुला रेस्पीर म्हणायला कोण असेल? तिला सांग, तिथे रस्त्यावरचा कुणीही.

तुझाच,
प्रबोधदादा