बाटली फिरवण्याआधी

८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याचं दुखणं अर्ध्या ओळीत उरकलंत, म्हणजे ते वाढलंय. इकडे माझा आणि माझ्या मार्गदर्शक सरांचा लेख स्वीकारला गेला! नेमकं काय करता म्हणून विचारलं होतंत. तेलात साबणासारखा पदार्थ मिसळला की पाण्याचे इतके बारीक थेंब होतात की सगळं मिश्रण नितळ दिसतं. त्या थेंबांच्या पोटात आम्ही चांदीचे कण घडवतो. थेंब एवढासा, म्हणून कणही एवढासाच. साबणाचं वेष्टन त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. सहा महिने रोज सकाळी बाटली उजेडात धरून बघतेय, तळाला गाळ नाही; लेखाचा सगळा दावा तोच. सरांचं आजारपण बळावलंय. हा लेख छापून हातात पडला की मी मोकळा, म्हणाले.

लोभ आहेच, ओरडायचं असेल तर तेही कळवावं.
तुमची, छोटी

१५ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

गुडघा जागेवर आहे. एक विचारतो, रागावू नकोस. उजेडात धरण्याआधी तू बाटली गोल फिरवतेस का? रंगाचा डबा उचलला की आधी मनगटाने दोन फेरे, हे मीच तुला शिकवलं. दुधाचा पेलासुद्धा तसाच फिरवून प्यायचीस, आई करवादायची. सैल गाळ दोन फेऱ्यांत दिसेनासा होतो. आमच्या रंगाच्या कारखान्यात तपासनीस आला की आम्ही तेच करायचो.

म्हाताऱ्याची शंका, बाकी काही नाही. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
बाबा

२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र वाचता वाचता बाटली उचलली आणि मनगट फिरलंच. दुसरी बाटली खिडकीशी ठेवली, हात लावू नये अशी चिठ्ठी डकवली. अकराव्या दिवशी तळाला करडी रेघ होती.

प्रयोगशाळेतली सोबतीण म्हणते, आत्ता छापून येऊ दे, दुरुस्ती मागाहून पाठव. सांगितलं तर सरांचं उरलंसुरलं सुख जातं. नाही सांगितलं तर त्यांच्यासमोर उभी कशी राहू? तुमचा रागही येतोय, खोटं कशाला बोलू.
छोटी

६ एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

खुशाल रागाव, पण सरांकडे जा. तो तपासनीस भला माणूस होता. निवृत्त झालो त्या दिवशी त्याने हात पुढे केला, आणि माझी मान वर होईना.
बाबा

२० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

सांगितलं. सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बाटली आणायला लावली. मी ती बसमधून दोन्ही हातांत धरून, न हलवता त्यांच्याकडे नेली. त्यांनी रेघ पाहिली, किती दिवस टिकलं ते विचारलं. अकरा म्हटलं. लेख मागे घेण्याचं पत्र मागून घेतलं आणि आधी स्वतः सही केली. माझ्या एकटीची पुरेल, असं मी म्हटलं होतं. म्हणाले, छापायला दोघांच्या नावाने निघाला होता, मागेही दोघांच्याच नावाने जाईल.

काल सकाळी ते गेले. त्या पत्रानंतर त्यांनी कशावरच सही केली नव्हती.

तुमच्यावरचा राग उरला नाही, एवढं कळवते.
तुमची, छोटी