वरच्या मजल्यावरचं कॉलेज

७ जुलै १९७५

आजपासून आम्ही कॉलेज आहोत. म्हणजे वरचा मजला कॉलेज, खालचा शाळाच. इमारत तीच, जिना तोच, घंटा वाजवणारे नत्थूजी तेच आणि मुख्याध्यापिका मीच. सरकारने मॅट्रिक अकरावीवरून दहावीवर आणली, अकरावी-बारावीला 'कनिष्ठ महाविद्यालय' असं भारदस्त नाव दिलं. संस्थेने वरच्या खोल्यांना पिवळा रंग काढला. झालं कॉलेज.

मार्चपर्यंत ह्याच मुली माझ्या दहावीत होत्या. आज प्रार्थनेला खाली आल्याच नाहीत. वर जाऊन विचारलं, तर महाल भागातली जयवंता उठून सांगते, "बाई, आम्ही आता कॉलेजात आहोत नं."

"असं? जिन्यावर कॉलेज कुठून सुरू होतं?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच — "वळणापासून."

उत्तर चांगलं होतं. हसले नाही. उद्यापासून कॉलेजने वळणावर उभं राहून प्रार्थना म्हणावी, असं सांगून खाली आले.

८ जुलै

वळणावर उभ्या राहिल्या. म्हटलीही. रागावल्यावर जयवंताचा सूर बरा लागतो.

९ जुलै

कॉलेजला गणवेश नाही, असं संस्थेचं पत्रक. वर गेले तर रंगपंचमी. फुलाफुलांच्या साड्या, एकीच्या कानात लोंबते डूल. दोन वेण्यांची एक झाली की अक्कल दुप्पट होते, अशी काहीतरी समजूत दिसते.

एकटी शामला मात्र निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज, दोन वेण्या, लाल रिबिनी. खाप्याची मुलगी, वडील रुपराव, संत्र्याची बाग आहे. आठवीपासून प्रतापनगरला मावशीकडे राहून शिकते. दहावीला वर्गात पहिली. तिला म्हटलं, "तुला नाही वाटलं रंगीत नेसावं?"

"मले हेच बरं वाटते, बाई."

सगळ्या वर्गासमोर तिचं कौतुक केलं. साधेपणा म्हणजे काय, ह्यावर थोडं बोललेही. मुली ओठ दाबून हसत होत्या. हसू देत.

आमचं कॉलेज आठवलं. बेचाळीस-त्रेचाळीस साल. प्राध्यापक येईपर्यंत आम्ही मुलींनी मुलींच्या खोलीत थांबायचं. ते निघाले की त्यांच्या मागून रांगेने वर्गात शिरायचं, कडेच्या बाकावर बसायचं, तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागून बाहेर. शाळेत मी पेरूच्या झाडावर चढत होते. कॉलेजात गेले आणि मान खाली घालून चालायला शिकले. ह्या मुलींना वाटतं, कॉलेज म्हणजे सुटका.

११ जुलै

ऑफ पिरियड नावाची एक वस्तू वेळापत्रकात आली आहे. आज पहिला. वर एवढी शांतता की मला शंका आली. जाऊन पाहिलं — सगळ्या हाताची घडी घालून बसलेल्या. थोड्या वेळाने जयवंता माझ्या खोलीत.

"बाई, ऑफ पिरियडला काय करायचं असते?"

"काही नाही."

ती वर गेली. वर्गाला सांगितलेलं मला जिन्यातून ऐकू आलं — "काही नाही करायचं म्हणे." आणि पुन्हा शांतता.

दोन आठवड्यांत शिकतील. ह्या विषयात कुणी नापास होत नाही.

२१ जुलै

अर्थशास्त्राला मधुकरराव रुजू झाले. नवं एम. ए., नवे बूट. मुलींना 'आपण' म्हणतात. "आपण सांगा, मागणी म्हणजे काय?" आजवर ह्यांना कुणी आपण म्हटलेलं नाही, माझ्याकडून तर 'ए बावळट' हेच ऐकलेलं. पूर्ण तास खिदळण्यात गेला. त्याला ते 'लेक्चर' म्हणतात.

हजेरी नावाने नाही, आकड्याने. मुलींना आकडा व्हायला फार आवडलेलं दिसतं — "यस सर" म्हणताना मानेला झटका. शामला तेवढी उभी राहते आणि म्हणते, "हजर, सर." मधुकरराव रोज सांगतात, उभं राहू नका. ती रोज उभी राहते.

२३ ऑगस्ट

शामलाचे वडील आले होते. आईला धंतोलीत डॉक्टरांना दाखवायला आणलं, जाता जाता पोरीची चौकशी. पायातली चप्पल दाराबाहेर काढली. मी खुर्ची दिली, तर काठावर टेकले.

"बाई, औंदा मॅट्रिकचं साल हाये पोट्टीचं. ध्यान ठेवजा."

"मॅट्रिक?"

मागे शामला उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पेपर कोरा राहिलेली मुलगी घंटा व्हायच्या आधी पाहते तसं.

रुपराव बोलतच होते. थोरल्या मुलाने, चंद्रभानने, तीन वर्षांमागे अकरावीलाच मॅट्रिक केली. हीही तीच अकरावी. कळमेश्वरच्या सोयऱ्यांना शब्द दिला आहे — "पोट्टी अकरावी झाली का लगन. त्याच्या अंदर नाही, त्याच्या बाद नाही." आणि कॉलेजचं तर नावच नको. "आमच्या भावकीतली एक पोट्टी कॉलेजात गेली. सुटीत घरी आली तं बापाले म्हणे, तुमाले समजत नाही. हे शाळा हाये म्हणून मी बिनघोर आहो."

चुकीचं वाक्य मी दुकानाच्या पाटीवरचंही सोडत नाही. तोंड उघडलं. आणि विचारलं काय, तर चहा घेणार का.

ते गेल्यावर शामलाला थांबवलं.

"खोटं सांगितलंस?"

"नाही बाई. बाबा म्हणाले, आता अकरावी नं? मी म्हटलं, हाव. अकरावीच तं आहे."

"आणि मागच्या वर्षीची बोर्डाची परीक्षा?"

"बाबाले वाटते, सगळ्याच वर्गाची अशी असते."

"आणि हा गणवेश?"

"बाबा केव्हाही येतात. शाळेतली दिसाले पाहिजे नं."

"मावशीला ठाऊक आहे?"

"मावशीनंच नव्या रिबिनी आणल्या."

पुढचा बेत विचारला. बारावी, मग बी. ए., मग एम. ए. आणि अर्थशास्त्र शिकवणार. जमलं नाही तर वैशाखात कळमेश्वर. हे शेवटचं तिने बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं.

मी बजावलं — आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खरं सांगेन.

"नाही विचारत, बाई."

साधेपणावरच्या माझ्या भाषणाला वर्ग का हसत होता, ते आज कळलं.

१० सप्टेंबर

जयवंता आणि आणखी एक गणवेशात. "सहज" म्हणाल्या. नत्थूजींना विचारलं. त्यांनी सगळं आधीच विचारून ठेवलेलं असतं. "पोट्ट्याईनं पाळी लावली, बाई. शामला एकटी उठून दिसते म्हणून रोज दोघी." ज्या गणवेशासाठी मी वर्षानुवर्षं ओरडले, तो आता हौसेने घालून राहिल्या आहेत. पाहा, 'घालून राहिल्या' असं त्यांच्यासारखंच मीसुद्धा लिहायला लागले.

२५ नोव्हेंबर

संस्थेकडून पाटी आली. 'कनिष्ठ महाविद्यालय', लाल अक्षरं, फाटकाच्या कमानीवर लावायला. काना-मात्रा सगळं ठीक. रुपराव परवाच संत्र्याची टोपली घेऊन येऊन गेले. संत्र्यांचा हंगाम, मंडीत फेऱ्या सुरू झाल्या आहेत. फाटकातूनच येतात-जातात.

नत्थूजींना म्हटलं, कमान कच्ची वाटते, राहू द्या.

"कच्ची? मागच्या साली तं —"

"कच्ची आहे."

पाटी माझ्या कपाटामागे.

१० डिसेंबर

सचिवांनी पाटीबद्दल विचारलं. मी म्हटलं, खिळे मिळेनात. नागपुरात.

१४ जानेवारी १९७६

मधुकरराव शिक्षकांच्या खोलीत उड्या मारायचे तेवढे बाकी होते. शामलाने तासाला विचारलं, पीक जास्त झालं की भाव पडतो हे पुस्तकात आहे. पण हे खाप्यात सगळ्यांना ठाऊक असूनही सगळे संत्राच काहून लावतात? मधुकरराव म्हणाले, "बघून सांगतो."

मी म्हटलं, "शाळेत मास्तरला उत्तर येत नसलं की तो म्हणतो, खाली बस, पुढचं वाचा."

"म्हणून तर मी वर शिकवतो, बाई."

फाजील आहे. पण पाच वाजेपर्यंत वाचनालयात बसला होता.

२० जानेवारी

त्यांनी उत्तर दिलं. तिला पटलं नाही. आता रोज वाद. ती अजून उभी राहते — पण हजेरीला नव्हे, भांडायला.

१५ मार्च

रुपराव आले. आज चप्पल काढायलाही विसरले, एवढे खुशीत. परीक्षा एकोणतीसला सुरू होते ना, वैशाखातला मुहूर्त धरला, मांडव घरचाच. "मोठ्या बाईनं लग्नाले आलंच पाहिजे. तुमच्यामुळं पोट्टी मॅट्रिक होऊन राह्यली."

त्यांनी काही विचारलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे मी गप्प राहू शकत होते. पण न केलेल्या कामाचे आभार मला घेता येत नाहीत.

"रुपराव, शामला मॅट्रिक मागच्याच वर्षी झाली. दहावीला. सरकारने आता तसं केलं आहे. माझ्या शाळेत पहिली आली."

"मंग हे साल कायचं?"

"कॉलेजचं. त्यातलं पहिलं."

ते उभे राहिले. पुन्हा बसले.

"म्हंजे पोट्टी सालभर कॉलेजात हाये?"

"हो."

"अन् तिले काही झालं नाही?"

काय व्हायचं होतं, असं विचारणार होते. त्याऐवजी म्हटलं, "वर चला. पाहा."

ऑफ पिरियड होता. एक स्वेटर विणत होती, दोघी कशावरून तरी चिडवाचिडवी करत होत्या. खिडकीजवळ शामला तिघींना अर्थशास्त्र समजावत होती. तिने वडिलांना पाहिलं आणि माझ्याकडे. मी मान हलवली. तिला कळलं.

"मले काहून नाही सांगतलं वं?"

"सांगितलं असतं तं पाठवलं असतं का, बाबा?"

रुपराव विचार करून म्हणाले, "नसतं पाठवलं."

"म्हणून नाही सांगितलं."

विणणारीचे हात थांबले होते. रुपरावांनी खोलीभर पाहिलं — फळा, बाकं, पिवळ्या भिंती. मग मला म्हणाले, "ह्यात अन् खालच्यात फरक तं काही दिसत नाही."

हा प्रश्न मी जुलैपासून विचारते आहे. उत्तर शामलाने दिलं. "खाली उत्तर चुकलं तं बाई पट्टी मारत. इथं सर म्हणतात, बघून सांगतो."

सगळ्या मुलींनी माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे.

रुपराव हसले नाहीत. "चाल," म्हणाले. तिने पुस्तकं आवरली, एकही मागे ठेवलं नाही. जिना उतरताना वळणावर ते थांबले, माझ्याजवळ येऊन हळूच — "सालभर कॉलेजात राह्यली, बाई. पण एक बार नाही म्हणाली मले, तुमाले समजत नाही."

तिला घेऊन खाप्याला गेले.

१६ मार्च

आली नाही.

१८ मार्च

नाही. मधुकरराव दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "बाई, आपण सांगायलाच नको होतं." आपण म्हणाले, तरी बोचलं. मी म्हटलं, लेक्चर नाही का तुम्हाला?

प्रतापनगरला मावशीकडे नत्थूजींना पाठवलं. मावशीलाही निरोप नाही. कळमेश्वरचे लोक खाप्याला येऊन गेले, एवढंच तिच्या कानावर.

२२ मार्च

पाटी लावून घेतली. आता कुणासाठी थांबायचं? दोन खिळ्यांत बसली. कमान पक्की आहे.

खालून बघत उभी होते, तर जयवंता आली आणि शेजारी उभी राहिली. आज ती गणवेशात. पाळी कुणाची, विचारलं. म्हणाली, "आता पाळी नाही, बाई. सगळ्याच घालतो."

उद्यापासून असं काही नको, म्हणून रागावले. ऐकणार नाहीत. कॉलेजात आहेत.

२९ मार्च

परीक्षा सुरू. घंटेच्या जरा आधी शामला आली. पिवळी साडी, एक वेणी. मला नमस्कार करून धावत वर. रुपराव फाटकातच उभे, पाटीखाली. मी गेले. सोयऱ्यांना दिलेल्या शब्दाचं काय केलंत, विचारलं.

"सांगून टाकलं त्याईले. म्या शब्द देल्ला मॅट्रिकवाल्या अकरावीचा. ते अकरावी सरकारनंच बंद केली. ज्या वर्गावर लगन ठरलं तो वर्गच ऱ्हायला नाही, तं माणसानं शब्द पाळावा कुठं?"

ह्या उत्तरात मला चूक सापडली नाही. शोधलीही नाही.