नास्तिक नव्हे मामा, अज्ञेयवादी

सोलापूर,
फाल्गुन वद्य पंचमी

तीर्थरूप मामांच्या पायांशी भाचा गुरुसिद्ध याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार पोस्टाने पोहोचतो किंवा नाही याविषयी मी मत राखून ठेवले आहे; पण घातला आहे, तो घ्यावा.) इकडे सर्व खुशाल. मामींचा गुडघा, तांबडी म्हैस आणि तुमचा खोकला यांची हकीकत कळवावी. तुमच्या पत्रात या तिन्हींविषयी अवाक्षर नाही. सगळे पत्र माझ्याविषयी आहे, आणि त्याचा मायनाच मुळी 'नास्तिका' असा आहे. मामा, लहानपणापासून तुम्ही मला गाढवा म्हणत आलात, मी कधी दुरुस्ती सुचवली नाही. पण हा शब्द चुकला आहे, आणि मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो, तेव्हा चुकलेले तसेच सोडता येत नाही. मी नास्तिक नाही. मी अज्ञेयवादी आहे.

भेद अगदी सोपा आहे. घरात एक कुलूपबंद ट्रंक आहे असे समजा. आस्तिक म्हणतो, आत शालू आहे. नास्तिक म्हणतो, आत काही नाही. अज्ञेयवादी म्हणतो, बाबांनो, किल्ली कोणापाशीच नाही, मग भांडता कशाला? एवढेच मी इथल्या वाचनालयात व्याख्यान देताना सांगितले. श्रोते बेताचेच होते (त्यातले दोघे पंख्यासाठी आलेले). पण पहिल्या रांगेत, डोक्याला रुमाल बांधून, हातातली काठी जमिनीवर उभी धरून मडिवाळप्पा बसले होते. हे मडिवाळप्पा म्हणजे घोंगड्यांचे व्यापारी, ज्यांच्या हेमावतीशी तुम्ही माझे लग्न जुळवत आणले आहे, तेच. जावई सभेत कसा बोलतो ते पाहायला आले होते. त्यांनी पाहिले.

व्याख्यान संपल्यावर ते उठले आणि मला सर्वांदेखत म्हणाले, "मास्तर, म्हंजी तुमी देव हाय बी म्हणत न्हाय, आन न्हाय बी म्हणत न्हाय?" मी म्हटले, अगदी बरोबर समजलात. मला वाटले, इतक्या लवकर विषय कळणारा सासरा भाग्यानेच मिळतो. तर ते म्हणाले, "दुकानात तीन जातीची गिऱ्हाइकं येत्यात. एक घोंगडं घेतंय. एक नगं म्हणतंय. तिसरं समदी घोंगडी उलगडायला लावतंय आन म्हणतंय, बगू. नगं म्हणणाऱ्याला मी च्या पाजतो. बगू म्हणणाऱ्याला पोरगी देऊ व्हय?" सभा हसली. पंख्यासाठी आलेले दोघे जास्त हसले. म्हणजे मामा, तुमच्यापर्यंत ज्याने कोणी बातमी पोहोचवली त्याने ती उलटी पोहोचवली. मी नास्तिक असतो तर मडिवाळप्पांची हरकत नव्हती. त्यांचा सख्खा मेहुणा नास्तिक आहे, देवळाच्या बाहेर चपला सांभाळत बसतो, आणि त्याच्यासारखा भरवशाचा माणूस नाही असे ते सांगतात.

लग्न तिथेच मोडायचे, पण हेमावतीच्या आई ईरम्मा मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, माणसाने माणसाची पारख करू नये, लगमव्वाला कौल लावू. लगमव्वा ही त्यांच्या गावची देवी, होटगीच्या पलीकडे बैलगाडीने जावे लागते. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली कळी चिकटवायची आणि बसून राहायचे. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मुलाने समोर बसले पाहिजे अशी अट होती. मी गेलो. (प्रयोग कोणताही असो, निरीक्षकाने हजर राहावे असे मी मुलांना नेहमी सांगतो.)

परवाच्या मंगळवारी आम्ही पोहोचलो. पुजारी धुळाप्पा यांनी मास्तर येणार म्हणून सकाळीच देवीला तेलात कालवलेल्या शेंदराचा नवा लेप दिला होता. त्यावर त्यांनी मोगऱ्याच्या दोन कळ्या लावल्या. आम्ही बसलो. कळ्याही बसल्या. ऊन देवळाच्या एका दारातून आत आले आणि दुसऱ्या दारातून निघून गेले. मडिवाळप्पांना डुलकी लागली, जाग आली, पुन्हा लागली. कळ्या जागच्या जागी. मी सारा वेळ उजव्या कळीकडे पाहत होतो, ते केवळ शास्त्रीय कुतूहलाने. माझे हात जोडलेले होते असे ईरम्मा आता पेठेत सांगत फिरतात. मामा, उकाड्याने तळव्यांना घाम आला होता, म्हणून मी एक तळवा दुसऱ्यावर टेकवला होता. डोळे मिटल्याचे मात्र खरे आहे. एकटक पाहून ते दुखू लागले होते.

कळ्या का पडत नाहीत हे मला पहिल्या घटकेतच कळले होते. ताजा तेलकट शेंदूर, त्यात कळी रुतलेली. तिच्या जागी खारीक लावली असती तरी पडली नसती. पण मी बोललो नाही. लेप पुसून पुन्हा कळ्या लावल्या असत्या, आणि डावी पडली असती तर? शास्त्र कुठे सांगावे यालाही काही वेळकाळ असतो.

दिवेलागणीला मडिवाळप्पा वैतागून म्हणाले, "धुळाप्पा, देवी म्हणती तरी काय?" धुळाप्पांनी कळ्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि कपाळ खाजवत म्हणाले, "काय म्हणंल? तिला बी ठावं न्हाय, असं दिसतंय." तेवढ्यात खांबाआडून हेमावतीचा आवाज आला, "अव्वा, देवी बी मास्तरांच्यावानीच हाय की."

मामा, वाचनालयात मला तासभर लागला आणि तरी जमले नाही, ते या मुलीने एका वाक्यात केले. ईरम्मांनी तोंडाला पदर लावला. हसू लपवण्यासाठी की रडू, सांगता येत नाही. मडिवाळप्पा बराच वेळ देवीकडे पाहत राहिले. ज्या देवीला ते जन्मभर मानत आले तीही 'बगू' म्हणणारी निघाली, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले असावे. मलाही त्यांच्याकडे पाहून वाईट वाटले. शेवटी त्यांनी निकाल दिला: चैत्री पौर्णिमेला पुन्हा कौल. शेंदूर आदल्या आठवड्यात चढवायचा, म्हणजे वाळेल (व्यापारी माणूस, माल हाताने चाचपून पाहिल्याशिवाय राहत नाही). आणि या वेळी कळ्या मी माझ्या हाताने लावायच्या.

आता माझी अडचण पाहा. कळ्या लावल्या तर मी आस्तिक, न लावल्या तर नास्तिक. मधे बसायला जागाच ठेवलेली नाही. परतताना गाडीतून उतरल्यावर हेमावती माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाली, "पुनवंला उजवीकडची कळी वाइच सैल लावा." ती दर मंगळवारी उपास धरते मामा, आणि तिने मला हे सांगितले. मला ती फार आवडते. हे वाक्य व्याख्यानात नव्हते, पण याच्याविषयी मी कोणतेही मत राखून ठेवलेले नाही.

तेव्हा पौर्णिमेला तुम्ही वडीलधारे म्हणून यावे, आणि मडिवाळप्पांना अज्ञेयवाद शांतपणे समजावून सांगावा. पत्र जपून ठेवावे म्हणजे ट्रंकेचा दाखला विसरणार नाही. मामींना नमस्कार, म्हशीला एक पेंढी जास्त.

तुमचा भाचा,
गुरुसिद्ध

ता. क. कळी सैल लावायची नाही असे मी ठरवले आहे. देवी नसली तर काही बिघडत नाही. पण असली, तर तिला कळेल.

ता. क. २. समजावून सांगण्याचे राहू द्या. येताना एक हिरवे लुगडे, काठ रुंद, आणि केम गावचे कुंकू आणावे. उजवी पडली तर तुला लुगडे नेसवीन असे मी त्या दिवशी डोळे मिटले होते तेव्हा देवीला बोललो आहे. कोणासाठी आणले म्हणून मडिवाळप्पांनी विचारले तर ठाऊक नाही म्हणावे.

ता. क. ३. डावी पडली तर लुगडे मामींना. आणि तुमच्या पत्राचा मायना बरोबर होता असे समजावे; मी दुरुस्ती सुचवणार नाही.